डाव्या अंगठ्याची जागा

या अंकाच्या संपादकांनी मला पाठविलेल्या निमंत्रणपत्रात माझा उल्लेख ‘जुन्या मोटारींचे कलावंत’ असा केला आहे. त्यास माझी हरकत आहे आणि ती मी त्यांना लेखी कळविली आहे. मी कलावंत नाही. माजरीच्या कोळसा खाणीच्या गॅरेजमध्ये मी आयुष्यभर फिटर होतो, आणि निवृत्तीनंतर चंद्रपुरात घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये जुन्या मोटारींच्या स्टिअरिंगची चाके दुरुस्त करतो. दुरुस्त करतो म्हणजे ती पूर्वी होती तशी करतो. या वाक्याचा अर्थ काय, हे गेल्या उन्हाळ्यापर्यंत मला नीट ठाऊक होते. आज मी तसे शपथेवर सांगू शकणार नाही. हा लेख त्या गोंधळाबद्दल आहे. ज्यांना कलेविषयी वाचायचे असेल त्यांनी पान उलटावे.

माझ्याविषयी आणखी एक माहिती देणे आवश्यक आहे. मी पत्रे लिहितो. नळाला गढूळ पाणी आले, बसस्थानकाच्या फलकावर चुकीची वेळ लिहिली, रस्ता खोदून तसाच ठेवला, की मी संबंधितांस पत्र लिहितो आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलत नाही. माझी दिवंगत पत्नी म्हणत असे, देवाने तुमाले राग देला तवाच त्याले टिकीट लावून देलं. ती बोलत असे तसेच मीही बोलतो. लिहिताना मात्र मी नियमाने लिहितो, कारण बोललेले कोणी जपून ठेवीत नाही.

आता धंद्याविषयी. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मोटारीचे चाक आतून लोखंडी कडे असते आणि त्यावर कठीण रबराचा किंवा त्या काळच्या प्लास्टिकसारख्या मालाचा जाड थर चढविलेला असतो. उन्हात लोखंड एका मापाने फुगते, वरचा थर दुसऱ्या मापाने आकसतो. दोघांचे पटत नाही आणि त्या भांडणात चाकाला भेगा पडतात. आमच्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीच्या चाकाला एकही भेग नसेल, तर ते चाक बदललेले आहे असे खुशाल समजावे.

भेग दिसली की ती बुजवावी, असे बाहेरच्या माणसाला वाटते. आम्ही ती आधी वाढवितो. तिकोनी कानशीने दोन्ही बाजूंना उतार देत थेट लोखंडापर्यंत जायचे, तिथला गंज खरवडायचा, स्पिरिटने पुसायचे आणि मग इपॉक्सीचा लेप दाबून भरायचा. एक अख्खा दिवस त्याला हात लावायचा नाही. नंतर कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग पाण्यातला. त्यावर प्रायमर, रंग, आणि प्रत्येक थरानंतर पुन्हा घासणे. चाकाच्या मागच्या बाजूस बोटांसाठी लहरीसारखे खळगे असतात. चालवणाऱ्याच्या हाताने ते झिजून सपाट झालेले असतात. ते एकेक करून परत उभे करणे हे खरे काम. डोळ्याला जे सारखे दिसते ते बोटाला सारखे लागत नाही, म्हणून शेवटचा हात मी डोळे मिटून फिरवितो.

गिऱ्हाइके नाना प्रकारची. वरोऱ्याच्या एका गृहस्थांनी तयार चाक पाहून तक्रार केली की ते जुने वाटत नाही, थोडे जुने करून द्या. मी त्यांना लेखी कळविले की जुने करण्याचे काम काळ करतो आणि त्याचे दुकान कुठे आहे ते मला ठाऊक नाही. हे उत्तर मला तेव्हा फार चोख वाटले होते. ते लक्षात ठेवावे. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

गॅरेजमधून मी एक सवय घेऊन आलो. तिथे काढलेला जुना भाग चिठ्ठी बांधून जमा केल्याशिवाय नवा भाग मिळत नसे. स्टिअरिंगच्या चाकातून निघून निघून काय निघणार? रबराचा भुसा, गंज, कधी कोणी भेगेत चेपलेले मेण, कधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. तरीही मी ते सारे पुडीत बांधतो, वर नाव-गाव लिहितो आणि मालकाला चाकासोबत देतो. बहुतेक लोक फाटकाबाहेर पडताच ती पुडी फेकतात. तो त्यांचा हक्क आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रमोद नावाचा एक गृहस्थ माझ्याकडे आला. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात नोकरीला, मूळचा सिंदेवाहीचा. पोत्यात गुंडाळलेले चाक त्याने माझ्या बाकावर ठेवले. पोते सोडले आणि मी खरे सांगतो, माझा हात आपोआप पुढे गेला. तीन दांड्यांचे विलायती चाक. एके काळी हस्तिदंती रंगाचे असावे. आता दूध कमी घातलेल्या चहासारखे झालेले. असे चाक मी त्यापूर्वी एकदाच पाहिले होते, तेही दुरून.

“काका, हे गुळगुळीत पाह्यजे,” प्रमोद म्हणाला. “बाबाच्या हाताले कापते. कातडं पातळ झालं त्याइचं. रोज रक्त निंगते.”

“बाबा चालवतात गाडी?”

“नाई जी. काचबिंदूनं नजर गेली त्याइची. गाडीही शेडातच उभी आहे. नुसते बसतात सकायी, चाक धरून.”

माझ्या छापील फॉर्मवर ‘मालकाची सही’ असा रकाना आहे. प्रमोदने तिथे लिहिले : करिता नीळकंठराव, आणि खाली स्वतःची सही ठोकली. मी आयुष्यभर ‘करिता’ या सहीला भ्यालेलो आहे. ‘करिता’ सही करणारा सुटतो आणि ज्याच्याकरिता केली तो अडकतो, हे मी अनेक कागदांवर पाहिले आहे. मी विचारलेही, “बाबाले माहीत आहे ना?”

“बाबा नागपूरले ताईकडं गेले आहेत. सरप्राइज देऊन राह्यलो त्याइले.”

इथे मी फॉर्म परत द्यायला हवा होता. मालकाच्या संमतीवाचून मालकाच्या वस्तूला कानस लावू नये, हे मी इतरांना पत्रांतून शिकवितो. पण चाक समोर होते. मी फॉर्म फायलीला लावला. या प्रकरणात माझी जी काही चूक असेल ती ही आहे, आणि ती मी इथे निःसंदिग्ध शब्दांत नोंदवितो.

डाव्या दांडीच्या चार बोटे वर सर्वांत मोठी भेग होती आणि ती कोणीतरी लाखेने भरली होती. आपल्याकडे जंगलात पळसावर होते ती लाख. काळपट तांबडी, काचेसारखी. तिच्यात अंगठा मावेल एवढा खळगा होता. कामाच्या कार्डावर मी लिहिले : ‘गावठी दुरुस्ती, काढून टाकणे.’ हे शब्द माझ्या हस्ताक्षरात अजून तिथे आहेत. खोडलेले नाहीत, नोंद खोडणे मला मान्य नाही. लाख तीन तुकड्यांत निघाली : खळग्याचा मोठा तुकडा अखंड, आणि दोन लहान. ती मी पुडीत बांधली.

त्यानंतरचे आठ दिवस मी जे काम केले, तसे पूर्वी केले नव्हते आणि आता होणारही नाही. चाक प्रमोदच्या हातात दिले तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “काका, भेग कुठी होती तेच समजत नाई.” पुडी मात्र त्याने नेली नाही. “राहू द्या काका, कचरा आहे तो.” दुसऱ्याची वस्तू फेकण्याचा मला अधिकार नाही, म्हणून ती फळीवर राहिली.

पंधरा-वीस दिवसांनी रजिस्टर पोस्टाने एक पत्र आले. अक्षर बाईचे, गोल, मजकूर पुरुषाचा. ‘विषय : माझ्या मोटारीचे मूळ चाक परत करण्याबाबत. महोदय, माझ्या मोटारीचे चाक आपणाकडे दुरुस्तीस आले असता आपण ते ठेवून घेतले व त्या जागी दुसरे बनावट चाक पाठविले. पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत मूळ चाक परत करावे, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ खाली नीळकंठरावांचा अंगठा, आणि त्याखाली : ‘प्रत माहितीस्तव, ठाणेदार, सिंदेवाही.’

मी ते पत्र तीन वेळा वाचले. विषय, मुदत, परिणाम, प्रत. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. इतकी वर्षे मी ज्या तऱ्हेची पत्रे लोकांना धाडली, तसे पत्र मला पहिल्यांदाच आले होते, आणि ते मला चोर म्हणत होते. मी तीन पानी उत्तर लिहिले, सोबत फॉर्मची प्रत, कार्डाची प्रत आणि कामाआधीचे व नंतरचे असे बारा फोटो जोडले. पोस्टातून परतताना वाटेत माझी पावले थांबली. मी एका आंधळ्या माणसाला बारा फोटो पाठविले होते.

त्यांचे उत्तर एका ओळीचे आले : ‘फोटो पाठवून आपण माझी थट्टा केली आहे.’

दुसऱ्या दिवशी तिकडच्या हवालदारांचा फोन. “काका, चाक चोरून नेलं अशी तक्रार येते. पण माझं खराब चाक नेऊन चांगलं लावून देलं, अशी तक्रार मी आजलोक पाह्यली नाई. काय लिहू मी याच्यात? बसून मिटवून घ्या ना तुमी दोघं बुढे.”

काय लिहावे ते मलाही कळेना. मी कायद्याची पुस्तके काढली. फसवणूक म्हणावी तर मी काही घेतले नव्हते. काम सदोष म्हणावे तर ते माझे सर्वोत्तम काम होते. माझा ग्राहक कोण? सही करणारा प्रमोद. त्याची तक्रार नाही. तक्रारदार कोण? नीळकंठराव, त्यांनी मला काम दिलेच नव्हते. मी कोणास उत्तरदायी आहे, हा प्रश्न मी कागदाच्या मधोमध लिहिला, त्याखाली रेघ ओढली, आणि रेघेखाली लिहायला काही सुचले नाही.

प्रमोदला फोन केला तर तो रडकुंडीला आलेला. “मी सांगतलं त्याइले, बाबा तेच चाक आहे. म्हणते, तू त गाडी इकाले निंगला होता, तुह्या बोलण्याचा काय भरोसा. मांगं एकडाव म्हणलो होतो खरं, इकून टाकू म्हणून.”

शेवटी मी बस धरून सिंदेवाहीला गेलो. सोबत फाईल, नट खोलायचे पाने, आणि ती पुडी. पुडी हा माझा हुकमी पुरावा होता.

दार उघडले रत्नाबाईंनी, म्हणजे नीळकंठरावांच्या पत्नीने. गोल अक्षर त्यांचेच. त्यांनी पाणी दिले आणि अंगणातल्या खाटेकडे बोट केले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा एक ताठ माणूस शेडाकडे पाठ करून बसला होता. शेडात ती मोटार होती, काळी, पुसून ठेवलेली.

“हे लाकडाच्या ठेकेदाराकडं डायव्हर होते,” रत्नाबाई हळू आवाजात सांगू लागल्या. “ठेकेदारानं धंदा बंद केला तवा गाडी याइच्या नावावर करून देली. नजर गेली तवापासून रोज सकायी चहा झाला का गाडीत जाऊन बसतात. इथून निंगतात. मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. मी इकडं तांदूळ निवडत राह्यतो, ते तिकडून सांगतात, आता सावली आलं, आता पूल आला. जेवाले आलापल्लीहून वापस येतात.” त्या थांबल्या. “हे नवं चाक लागलं तवापासून ते कुठीच गेले नाई.”

खाटेवरून आवाज आला, “कोण आलं वो?”

“चंद्रपूरचे मिस्त्री.”

“चाक आणलं?”

“चाक गाडीलेच आहे, नीळकंठभाऊ,” मी म्हणालो. “तुमचंच आहे ते.”

“माहं चाक माह्या अंगठ्याले ओळखते. हे कोणालेच ओळखत नाई.”

मी संतापलो होतो, पण पुरावा क्रमाने मांडायचा असतो. मी हॉर्नचे बटण काढले, त्यांना हात धरून शेडात नेले आणि चाकाच्या मधल्या लोखंडावर कोरलेल्या आकड्यांवर त्यांचे बोट ठेवले. हा आकडा माझ्या कार्डावर कामाआधीच्या तारखेने नोंदलेला आहे, असे सांगितले.

“असंन. पण तिथी मी जन्मात हात लावला नाई. तुमी सांगान तो नंबर.”

मग मी पुडी सोडली आणि लाखेचा मोठा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

तुकडा त्यांनी नाकाशी नेला. मग डाव्या हाताचा अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो असा बसला, जसे झाकण डब्यावर बसावे.

“कन्नाची लाख,” ते म्हणाले. “आलापल्लीच्या पुढं त्याचं गाव. उन्हानं चाक फाटलं होतं, त्याच्या कडेनं अंगठा चिरला माहा. कन्ना म्हणे, थांब. घरून लाखेची कांडी आणली, इस्तवावर धरली, भेगेत सोडली. मी म्हणलो, आता घासून सारकी कर. त म्हणे, मी काऊन घासू? गाडी तुही, हात तुहा. असा माहा अंगठा धरला आन् गरम लाखेत दाबला. बोंबललो मी. तो हासत होता. म्हणे, आता कोणी दुसऱ्यानं धरलं त चाक त्याले सांगंल, का हे तुहं नव्हं म्हणून.”

पुरावा सिद्ध झाला होता. मी शक्य तितक्या शांतपणे विचारले, “मंग कबूल आहे ना, भाऊ? ही तुमच्याच चाकातली लाख आहे?”

“कबूल.”

“मंग झालं.”

“झालंच. ही माह्या चाकातली लाख आहे, आन् ती तुमच्या घरून आली. म्हणजे माहं चाकही तुमच्याच घरी आहे. त्याच्यातूनच काढली ना तुमी?”

“हो, त्याच्यातूनच, पण...”

“लिहून घे वो. मिस्त्री हो म्हणले.”

मी आजवर अनेक सुनावण्यांना हजर राहिलो आहे. माझा स्वतःचा पुरावा इतक्या सरळ मार्गाने माझ्यावर उलटलेला मी पाहिला नव्हता. आणि त्यात खोट कुठे आहे तेही मला सापडेना. त्यांच्या हाती जे होते त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो त्यांच्या जागी मीही काढला असता. मी म्हणालो, आता तुमच्यासमोर ही लाख या चाकात परत बसवतो. त्यावर ते हसले.

“दुसऱ्याच्या चाकात माही लाख भरून मले भुलवान? मी आंधया झालो, येडा नाई झालो.”

निघताना रत्नाबाई फाटकापर्यंत आल्या. “मिस्त्रीभाऊ, तुमी कायद्यानं बरोबर असान. मी फोटो पाह्यले, मले समजते. पण याइचं काय करू? दिवसभर घरातच राह्यतात आता.”

मी परत फिरलो, नट खोलला, चाक ओढून काढायचा पुलर लावला आणि चाक काढले. “हे घेऊन जातो,” मी सांगितले.

“न्या,” नीळकंठराव म्हणाले. “ज्याचं असंन त्याले द्या.” लाखेचा तुकडाही त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “हे माह्या चाकाले लावूनच आणा.”

चंद्रपूरला आल्यावर चाक तीन दिवस बाकावर पडून होते. कानस हातात घ्यायचो आणि ठेवायचो. माझे काम निर्दोष होते. ते बिघडविण्याचा आदेश कोणत्याही कायद्याने मला दिलेला नव्हता. आणखी एक गोष्ट मला छळत होती. आता मी जे करणार होतो, त्याला काय म्हणावे? खऱ्या चाकाला खरे भासविण्यासाठी मी त्यावर बनावट झीज चढविणार होतो. वस्तू खरी, तिचे रूप खोटे. की नव्या रूपाने मीच ती खोटी केली होती आणि आता खरी करणार होतो? ‘पूर्वी होती तशी’, म्हणजे कोणत्या पूर्वीसारखी? विलायतेतून निघाली तेव्हाच्या, की कन्नाच्या दारात उभी होती तेव्हाच्या? वरोऱ्याच्या गृहस्थांना मी लिहिलेले उत्तर मला अक्षरशः पाठ होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी कार्डावरची मापे घेतली आणि डाव्या दांडीच्या चार बोटे वर कानस लावली. पॉलिश गेले, रंग गेला, प्रायमर गेला, खाली माझा स्वतःचा लेप. मी आतापर्यंत दुसऱ्यांच्या चुका कोरून काढल्या होत्या. स्वतःचे चांगले काम कोरताना कानशीचा आवाज वेगळा येतो, एवढेच सांगतो. भेगेच्या कडा मात्र मारून घेतल्या, हाताला कापू नये म्हणून. ती प्रमोदची मागणी होती आणि ती रास्त होती.

लाख बसविताना पेच पडला. लाख तापविल्याशिवाय धरत नाही, आणि तापविली की अंगठ्याची जागा पुसली जाणार. त्या खळग्याची दुसरी प्रत जगात नव्हती. मी दोन लहान तुकडे पळीत वितळविले, ते खाली ओतले आणि मोठा तुकडा तसाच, न तापविता, वर अलगद टेकवून धरला. लाख थिजेपर्यंत मी श्वासही जपून घेतला.

मग उरलेले काम. मागचे खळगे जे मी एकेक करून उभे केले होते, त्यांतले डाव्या बाजूचे सपाट केले. चमक पाण्यातल्या पेपरने मारली. तळहात जिथे टेकतो तिथे हलका उतार दिला. हे सारे डोळे मिटून केले. मला जमले की नाही हे सांगणारा एकच माणूस होता.

पुन्हा सिंदेवाही. मी चाक बसविले, नट आवळला, आणि बाजूला झालो. रत्नाबाईंनी त्यांना हाताला धरून आणले. ते आत बसले. दोन्ही हात चाकावर आले, उजवा वरून खाली फिरला, डावा दांडीपाशी गेला, चार बोटे वर चढला, आणि अंगठा थांबला.

त्यांनी तो तिथेच दोनदा दाबून पाहिला. मग म्हणाले, “हे कुठी होतं इतके दिस?”

बसमध्ये मी या प्रश्नाचे चार मुद्द्यांचे उत्तर तयार केले होते. मी म्हणालो, “माह्याकडं.”

“काऊन ठेवलं होतं?”

रत्नाबाई माझ्याकडे पाहत होत्या. चार मुद्द्यांपैकी एकही मला आठवला नाही. “चूक झाली,” मी म्हणालो.

“होते,” नीळकंठराव म्हणाले. “चांगली वस्तू पाह्यली का माणसाचं मन होते. तुमी परत आणून देलं, हेच बहुत झालं.”

हे वाक्य मला लागले. त्या पहिल्या दिवशी पोते सुटल्यावर माझा हात कसा पुढे गेला होता, ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्यांनी तिथेच गाडीत बसून ठाणेदारांच्या नावे पत्र सांगितले आणि रत्नाबाईंनी बॉनेटवर वही ठेवून लिहिले. लिहिताना त्या एकदाच थांबल्या, माझ्याकडे पाहिले, आणि पुढे लिहू लागल्या. पत्र असे : ‘विषय : तक्रार मागे घेण्याबाबत. उपरोक्त मिस्त्री यांनी माझे मूळ चाक परत केले असून आपली चूक कबूल केली आहे. त्यांच्या वयाचा विचार करून मी तक्रार मागे घेत आहे.’ वयाचा विचार ज्यांनी केला ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे.

“एक प्रत त्याइले द्या. पोच घ्या,” ते म्हणाले.

मला न पटलेल्या कागदावर सही करण्याची वेळ आली की मी ‘हरकत राखून’ असे दोन शब्द आधी लिहितो. हे मी आजवर कधी चुकविलेले नाही. मी पेन टेकविले, आणि ‘मिळाले’ एवढेच लिहून सही केली. त्या पत्रास हरकत घेणारा मसुदा मी घरी येऊन दोनदा तयार केला आहे. तो फायलीत आहे. टपालात टाकावा की नाही, याबाबत माझा निर्णय अद्याप झालेला नाही. त्या फायलीत असलेला एकमेव सरकारदरबारी कागद सांगतो की मी चाक चोरले होते आणि ते परत केले. आणि माझी सुटका त्याच कागदावर आहे.

मी पाने पिशवीत भरत होतो, तेवढ्यात शेडातून हाक आली.

“मिस्त्री, बसा ना. आलापल्लीहून जाऊन येऊ.”

मी रत्नाबाईंकडे पाहिले. त्या सूप घेऊन पायरीवर बसल्या होत्या. मी डावीकडचे दार उघडून आत बसलो. नीळकंठरावांनी आरसा बोटाने सारखा केला, पाय क्लचवर ठेविला, गिअरची दांडी ओढली. इंजीन बंदच होते. समोर चार हातांवर शेडाची विटांची भिंत होती, तिला टेकून एक सायकल आणि रिकामी पोती. ते चाक थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे करीत राहिले. त्यांचा अंगठा जागेवर होता.

“मूल आलं का?” त्यांनी विचारले.

मी भिंतीकडे पाहिले. आजवर कोणत्याही चौकशीत, कोणासमोरही, मी डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितलेली नाही.

“आलं,” मी म्हणालो. “गेलंही.”

“मंग काच खाली करा आता. इथून पुढं जंगल आहे, धूळ नाई येत.”

काचेचा दांडा फार घट्ट होता. दोन्ही हात लावून मी तो फिरविला आणि काच खाली केली.